अक्कांचं वर्ष

जी गोष्ट आजवर बायकोलाही सांगितली नाही, ती आधी लिहून टाकतो. विद्यापीठाच्या ज्या अभ्यासवृत्तीबद्दल कोल्हापुरात माझा सत्कार झाला, ती मला आमच्या चंदगडच्या बातमीदार अक्कांच्या कामावर मिळाली. आणि अक्कांना ती मिळू नये, याची व्यवस्था मीच केली होती.

अक्का म्हणजे आधी आवाज. शाहूपुरीतल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीच्या जिन्यात त्या बोलायला लागल्या की वर संपादक फोनवर हात धरायचे. एसटीनं आंबून, थकून आलेल्या असत, तरी पहिला प्रश्न दारातच सुटायचा, "काय रं, माझी बातमी निम्मी कुणी खाल्ली?" खाणारा बहुतेक वेळा मीच असे, कारण जिल्ह्याची पानं माझ्याकडं होती. वयानं थोड्याच मोठ्या, पण सगळ्या कचेरीला अरेतुरे करत आणि ते कुणाला लागत नसे.

त्यांची एक रीत होती. ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याच्यासमोर बसून ती छापायच्या आधी मोठ्यानं वाचायची. आम्ही हसायचो. "अक्का, चोराला विचारून चोरीची फिर्याद देता काय?" त्या म्हणायच्या, "हसा की. उद्या तो चौकात गाठ पडला तर तोंड तुम्ही लपवणार, मी न्हाय."

काजू फोडणाऱ्या बायकांवर त्यांनी मालिका लिहिली. टरफलातलं तेल बोटांना लागतं, कातडी जळते, काळी पडून सोलून निघते. ती बातमी त्यांनी कारखान्याच्या मालकाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "हे छापू नका." अक्का म्हणाल्या, "छापू का नको हे इचाराय आले न्हाय, पावणं. ह्यात खोटं काय हाय, तेवढं सांगा." तो म्हणाला, मी बायकांना हातमोजे दिलेत. अक्का उठून परत बायकांकडं गेल्या. मोजे खरंच दिले होते. पण मोजे घातले की हात चालत नाही, आणि मजुरी किलोवर. म्हणून बायकाच ते काढून ठेवत. हेही बातमीत आलं, आणि बातमी अशी झाली की मालकाला ती खोडता येईना.

मालिका छापली गेली ती माझ्या नावानं. तालुक्याच्या बातमीदाराचं नाव घालायचं नाही, मजकूर सुधारणाऱ्याचं घालायचं, ही आमच्याकडची पद्धत. पद्धत! बाईनं चंदगडच्या पावसात वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या, मी पंख्याखाली बसून चार स्वल्पविराम टाकायचे, आणि नाव माझं. याला दुसऱ्या कुठल्याही धंद्यात चोरी म्हणतात.

अभ्यासवृत्तीची माहिती अक्कांनीच मोबाईलवर आणली. निम्मी कारकीर्द झालेल्या पत्रकारांसाठी. वर्षभर विद्यापीठात राहायचं, हव्या त्या वर्गात बसायचं. "इंग्रजीत हाय, तू वाच," म्हणाल्या. मग आवाज कधी नव्हे तो खाली आला. "मला कामगार कायदा शिकायचाय रं. मालक लोक कायदा तोंडावर फेकत्यात आणि मला गप बसाय लागतं. माझ्यासारखीला घेतील व्हय?"

मी अटी वाचल्या. पूर्णवेळ नोकरी हवी, लेखन स्वतःच्या नावानं छापलेलं हवं. "अक्का, तुमचं बसत नाही."

"मग कुणासाठी हाय ही? ज्याला पगार हाय, नाव हाय, त्येलाच वर आणि शाळा?"

या प्रश्नाला विद्यापीठाकडं उत्तर होतं. खाली स्पष्ट लिहिलं होतं की नोकरी वा नाव नसेल, तर काम याच व्यक्तीचं आहे असं कार्यालयानं लिहून दिलं तरी चालेल. ते लिहून देणं माझ्या हातात होतं. मी तेवढं वाचून दाखवलं नाही. अक्का गेल्या, आणि त्याच आठवड्यात मी माझा अर्ज भरला.

मुलाखतीत विचारलं, ही मालिका इतकी पक्की कशी झाली? मी सांगितलं, "छापण्याआधी मी बातमी समोरच्याला वाचून दाखवतो." समोरचे प्राध्यापक एकमेकांकडं बघून खूश झाले. ते वर्ष मी बातमीदारीच्या भवितव्यावर एक निबंध लिहिण्यात घालवलं. कामगार कायद्याचा वर्ग माझ्या खोलीपासून जवळच भरायचा. एकदाही गेलो नाही.

परतल्यावर शाल, नारळ, सगळं झालं. सत्काराला अक्का आल्या होत्या. जिन्यात त्यांनी मला गाठलं. "मुलाखतीत काय इचारलं रं त्यांनी?" बातमी आधी वाचून दाखवायची गोष्ट तेवढी मी सांगितली. "माझी रीत सांगितलीस व्हय? बरं केलंस. आता निदान तसं करत तरी जा."

मी केलं ते वेगळंच. बढती मिळाली होती, तालुक्याच्या बातमीदारांकडून वाढदिवसांच्या जाहिराती गोळा करायचं काम गळ्यात होतं. मी अक्कांना फोन करून म्हटलं, "काजूवाल्या मालकाचा वाढदिवस आहे, अर्ध्या पानाची जाहिरात आणा."

त्या म्हणाल्या, "ज्याच्या कारखान्यात बायकांची बोटं जळाली, त्येच्या दारात मी हात पसरू? तू ये की. एवढा शिकून आलायस." त्यानंतर त्यांच्याकडून एकही बातमी आली नाही. आमच्या कचेरीतही का म्हणून कुणी विचारलं नाही. दुसरा बातमीदार नेमला, त्यानं जाहिरात आणली.

असं लिहायचं ते माणूस गेल्यावर, असा आपल्याकडं रिवाज आहे. अक्का गेलेल्या नाहीत. चंदगडला बहिणीकडं राहतात, बहिणीची काजूची बाग बघतात. लोक म्हणतात, अक्कांचं मन मोठं, मालिकेवर तुझं नाव आलं ते त्यांनी केव्हाच माफ केलं असेल. पण सगळं माफ करायला त्यांना आधी खरं काय झालं ते कुणी सांगितलंय? अटींखालची ती सवलत त्यांना आजही माहीत नाही.

ती मालिका अक्कांची होती, हे मी विद्यापीठाला कळवलेलं नाही. त्यांना मिळू शकणारं वर्ष मी अडवलं, हे त्यांच्या तोंडावर बोललेलो नाही. ही दोन्ही कामं मी अक्कांना देणं लागतो.