तुमच्याच घरातले सर

आमच्या शाळेला मैदान होतं, पण खेळ शिकवायला माणूस नव्हता. माझे थोरले दीर लष्करातून सुभेदार होऊन परत आले होते आणि उसाच्या रानात त्यांचा जीव रमत नव्हता. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, मी घरी जेवताना विषय काढला, आणि थोड्याच दिवसांत ते गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभे राहिले.

कोरेगावच्या बाजूला लष्करातल्या माणसाला वेगळाच मान असतो. त्यात आमच्या मुली जिल्ह्याच्या स्पर्धेत धावायला लागल्या. बाजारात भाजी घेताना कुणाची तरी आई मला थांबवून म्हणायची की तुमच्या भाऊजींनी पोरीचं सोनं केलं. मीही सुखावायचे. नववीतली एक मुलगी सगळ्यांत चपळ होती. तिचे वडील फौजेत, लांब कुठेतरी, आणि आई एकटी शेत बघायची. तिला चांगले बूट नव्हते. भाऊजींनी स्वतः साताऱ्याहून आणून दिले. ते बूट आधी आमच्या सोप्यात ठेवलेले होते. माझ्या जाऊबाईंनी आणि मी ते हातात घेऊन पाहिले, आणि बाकीच्या शिक्षकांनी यांच्याकडून काहीतरी शिकावं, असं मी बोलूनही गेले.

मुलींच्या तक्रारींसाठी शाळेत समिती होती, तिच्यात मी होते. त्यासाठी साताऱ्याला प्रशिक्षणालाही जाऊन आले होते. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की मूल बोलायला लागलं की ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द कधीच द्यायचा नाही. मी सगळं लिहून घेतलं. हे दुसऱ्या कुठल्या तरी शाळांसाठी आहे, असंच वाटत होतं.

पुढे ती मुलगी सरावाला येईनाशी झाली. घोटा दुखतोय म्हणायची. एक दिवस मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत काचेची भांडी आवरत होते, तेव्हा ती आत आली. न सांगताच फडकं घेऊन एक चंचुपात्र पुसायला लागली. कोरडं झालं तरी पुसतच राहिली.

“मॅडम, मी काय सांगितलं तर तुमी कुणाला सांगणार न्हाई ना?”

मी म्हटलं, “तसा शब्द मला देता येणार नाही, बाळ. तुला कुणी त्रास देत असेल तर मला सांगावंच लागेल. पण जे करीन ते आधी तुला सांगून करीन.”

तिने चंचुपात्र खाली ठेवलं. आता ही निघून जाणार, असं मला वाटलं. पण ती बोलली. सराव संपला की सर खेळाचं साहित्य ठेवतात त्या खोलीत बोलावतात, पायाला तेल चोळून देतो म्हणतात. नको म्हटलं तरी थांबत नाहीत. एवढं सांगून ती अडली. पुढचं मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. तिने नाव घेतलं नाही, तरी शाळेत खेळाचे सर एकच होते.

आईला सांगितलंस का, एवढंच मी विचारलं.

“न्हाई. आई पळणंच बंद करंल. सर तुमच्याच घरातले हायती, म्हणून तुमास्नी सांगितलं. तुमी घरात सांगा, म्हंजे थांबतील.”

तिच्या आवाजात माझ्याबद्दल राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. खाली पाहिलं तर तिच्या पायात तेच बूट. ज्या घरातून ते गेले, त्याच घरातून मी रोज डबा भरून शाळेत येत होते, आणि माझ्या आडनावाच्याच माणसाला ही मुलगी भीत होती. मी पदर खांद्यावरून ओढून घेतला. लाज अशी अंगाला चिकटते, हे तेव्हा कळलं.

मी तिला सांगितलं की यात तिचं काही चुकलेलं नाही, मुख्याध्यापकांना आणि तिच्या आईला हे कळावं लागेल, आणि पोलिसांनाही. पोलीस हा शब्द ऐकून तिने फडकं टेबलावर ठेवलं. मी तिला फसवलं, असंच तिच्या चेहऱ्यावर होतं. पण ती पळून गेली नाही. माझ्याबरोबर ऑफिसपर्यंत चालत आली.

तिला एका वयस्कर बाईंजवळ बसवून मी आत गेले. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. सुभेदारांना आपण नीट समजावू, उद्यापासून शाळेत येऊ नका म्हणू, असं ते हळू आवाजात म्हणाले. शाळेचं नाव, मुलीचं नाव, सगळंच वाचेल.

“मी तुमच्यासाठीच म्हणतोय, मॅडम. तुमच्या घरची गोष्ट आहे.”

ते खरंच माझ्यासाठी म्हणत होते. माझ्यावर उपकार होत होते आणि त्यांची किंमत बाहेर बाकावर बसलेली होती. मी म्हटलं, “सर, कायद्याने कळवावंच लागतं. तुम्ही कळवणार नसाल तर मी इथून सरळ पोलीस ठाण्यात जाते.” त्यांनी फोन उचलला.

भाऊजींना संध्याकाळी घरातून नेलं. त्यांनी वर्दीतल्या माणसांशी वाद घातला नाही. चप्पल घालताना माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मीच नजर खाली केली. का केली, ते मला आजही सांगता येत नाही. नवरा माझ्यावर ओरडला नाही. तू चुकलीस असं मी म्हणणार नाही, एवढं बोलून तो रानात गेला. नंतर बरेच दिवस त्याने बाजारात जाणं टाळलं.

जाऊबाई स्वयंपाकघरात पिठाची परात पुढे घेऊन बसल्या होत्या. पीठ मळलेलं नव्हतं.

“आदी मला सांगायचंस,” त्या म्हणाल्या.

“सांगितलं असतं तर काय केलं असतंत, आक्का?”

त्यांनी थोडा विचार केला. “तुज्या पाया पडले असते. गप ऱ्हा म्हणाले असते.”

मी त्यांच्या शेजारी बसले. त्या दूर सरकल्या नाहीत, पण त्यानंतर आम्ही एका ताटाला कधी बसलो नाही.

पुढे मी संस्थेकडे बदली मागितली आणि सांगलीजवळ कुपवाडच्या शाळेत आले. इथल्या मुलांचे आईबाप कारखान्यांत कामाला जातात, आणि माझं आडनाव ऐकून कुणी थबकत नाही. नवरा शेतीमुळे गावीच राहिला. रविवारी येतो, सोबत घरचा गूळ आणतो, गावातलं सांगतो. भावाचं सांगत नाही, मीही विचारत नाही. नव्या शिक्षकांना या विषयाची माहिती द्यायचं काम इथे माझ्याकडेच आहे. एकट्या मुलाला बंद खोलीत थांबवू नका, परस्पर भेटवस्तू देऊ नका, असं मी सांगते. बुटांचं मात्र मी तिथे कधी बोललेले नाही.

साताऱ्याच्या कोर्टात माझी साक्ष झाली. भाऊजींना शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी ती मुलगी आईबरोबर आली होती. उंच झाली होती, कॉलेजात जात होती. तिने मला ओळखून मान हलवली. पळणं चालू आहे का, हे विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. तेवढ्यात तिची आई माझ्याजवळ आली.

“तुमी केलं ते केलंच. मी न्हाई म्हणत न्हाई,” ती म्हणाली. “पर तुमास्नी बघितलं की मला त्येच आठवतं. परत भेटू नगासा.”

मी बरं म्हटलं. ती लेकीचा हात धरून फाटकाकडे गेली. त्या दिसेनाशा होईपर्यंत मी कोर्टाच्या पायऱ्यांवरच थांबले, आणि मग सांगलीची गाडी धरली.