कानेलाची फेरी

एलिसेओ नूनोच्या बग्गीत बसून मेक्सिकोतलं ग्वादालाहारा शहर पाहिलेले लोक जगभर पसरलेले असतील. त्यांतल्या शेवटच्या काही वर्षांतल्या एकालाही कळलं नाही की आपला गाडीवान आंधळा होता.

पहिल्यापासून नव्हता. तरुणपणी कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर बसलेलं कबुतर नर की मादी ते हा खालून सांगायचा, असं त्याची बायको होसेफा म्हणे. होसेफाला बढाया मारायची हौस होती, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्या. पुढे काचबिंदूनं कडेकडेनं उजेड कुरतडत आणला. आधी बाजूच्या भिंती गेल्या, मग माणसं, मग समोरचा रस्ता. डॉक्टरांनी हात टेकले. एलिसेओनं हे फक्त दोघींना सांगितलं. एक होसेफा, ती पुढे वारली. दुसरी कानेला, त्याची दालचिनीच्या रंगाची घोडी. तिनं तर ऐकून शेपटीसुद्धा हलवली नाही.

आंधळ्याची काठी म्हणतात ती हीच. सान फ्रान्सिस्को बागेपाशी प्रवासी चढले, की एलिसेओ म्हणायचा, "चल गं राणी," आणि कानेला निघायची. कॅथीड्रलसमोर आपण होऊन थांबायची. मग हा मागे वळून, जणू सगळं लख्ख दिसतंय अशा थाटात हात उंचावायचा. "हे दोन मनोरे बघा मंडळी. पहिले भूकंपात पडले, हे दुसरे. आपल्याला दुधाचे दात पडून दुसरे येतात ना, तसे. आता हे पडले तर कवळीच!" लोक हसायचे आणि घोडी चालू लागायची. लगाम हलवावाच लागत नसे. प्रत्येक ठिकाणचं शेवटचं वाक्य तिला पाठ होतं. ते झाल्याशिवाय ती हलायची नाही, आणि झालं की थांबायची नाही.

थोरामोठ्यांच्या पुतळ्यांपाशी असंच, देगोयादो नाट्यगृहापाशी असंच. सगळ्यांत मोठा थांबा काबान्यासच्या जुन्या अनाथाश्रमापुढे. तिथे एलिसेओचा आवाज जरा उतरायचा. "इथं आता लोक चित्रं बघायला येतात. माझी आई इथं वाढली. तिला दारात कुणी ठेवलं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण रोज सकाळी आंघोळ घालून वेणी घालायचे, एवढं ती सांगायची." प्रवाशांना वाटे, म्हातारा बक्षिसी उकळायला गोष्ट रचतोय. गोष्ट खरी होती.

फेरी संपायची पुन्हा बागेपाशी. "आलं ठिकाण. उतरा देवाचं नाव घेऊन, आणि परत या!" एवढं म्हणून झालं की खिशातला गुळाचा खडा कानेलाच्या तोंडात. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात. या घोडीला मात्र गुळाशिवाय फेरी संपल्यासारखी वाटतच नसे.

मग शहरात बग्ग्यांचे घोडे काढून विजेवर चालणाऱ्या बग्ग्या आणायच्या, असं ठरलं. गाडीवानांनी आरडाओरडा केला, पण खोटं कशाला बोला, भर उन्हात तापल्या डांबरावर घोड्यांचे हाल होत होते. एलिसेओ रोज रात्री कानेलाचे गुडघे चोळायचा, आणि गुडघे सुजत चाललेत हे त्याच्या हातांना कळत होतं. गाडीवानांच्या सभेत घोडे सोडायला तयार कोण म्हणून विचारलं, तेव्हा पहिला हात त्याचा वर गेला. सोबत्यांनी त्याला फितूर म्हटलं. घोडीबरोबर आपले डोळेही जाणार हे त्याला ठाऊक होतं, पण ते तो बोलणार कुणाला?

कानेलाला तेपातितलान गावाजवळच्या ओबदुलिया नावाच्या विधवेनं सांभाळायला नेलं. तिच्याकडे मोठं कुरण होतं. पुन्हा कधी गाडीला जुंपायचं नाही, एवढीच अट होती. घोडी ट्रकात चढेना. एलिसेओ म्हणाला, "चल गं राणी," आणि ती निमूट चढली. त्या तीन शब्दांबद्दल त्यानं स्वतःला कधी माफ केलं नाही.

नवी बग्गी आली ती दिसायला जुनीसारखीच होती, फक्त पुढे घोडं नाही. चालवायला एलिसेओनं बहिणीच्या मुलाला, रामीरोला घेतलं. "तू चालव, मी बोलतो," म्हणाला. रामीरोला वाटलं, मामा यंत्राला भितोय.

पहिल्याच दिवशी एक मोठं कुटुंब बसलं. बग्गी कुरकुर न करता निघाली. ना टापा, ना फुरफुर. एलिसेओनं कानेलाच्या चालीनं मनात अंतर मोजलं आणि हात उंचावला. "हे दोन मनोरे बघा मंडळी."

मागे एक मुलगी फिसकन हसली. "आजोबा, हे तर चपलांचं दुकान आहे!"

सगळे हसले. त्यांना तो विनोदच वाटला. एलिसेओही हसला. पुढचं सगळं चुकतच गेलं. नाट्यगृह मागे पडल्यावर त्याच्या तोंडी नाट्यगृह आलं, आणि आईची गोष्ट एका बँकेसमोर सांगून झाली.

प्रवासी उतरल्यावर रामीरोनं हळूच त्याच्या तोंडासमोर हात फिरवला.

"मामा, मी आत्ता काय केलं?"

"माशी मारलीस."

"मामा!"

"ओरडू नकोस. आंधळा झालोय, बहिरा नाही."

रामीरो त्याच्या शेजारी बसला आणि रडायला लागला. "कधीपासून? अहो, एवढी वर्षं... लोकांचे जीव होते मागे!"

"कानेला होती ना," एलिसेओ म्हणाला.

त्यानंतर तो घरीच बसला. रामीरोनं खूप विनवलं. "मामा, चला, मी हळूच सांगत जाईन कुठं आलो ते." त्यावर म्हातारा भडकला. "तू सांगणार आणि मी बोलणार? पोपट आहे का मी?" हट्टी माणसाला समजावण्यात अर्थ नसतो. खरं म्हणजे तो आतून मोडला होता. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्याचे हात लगाम धरल्यासारखे मिटलेले असत.

पावसाळा सरता सरता ओबदुलियाबाईंचा फोन आला. "अहो नूनो, तुमची घोडी वेडी आहे, की मला वेडं करायला पाठवलीत?"

"काय झालं तिला?"

"खात नाही धड. दिवसभर कुरणाला चकरा मारते. त्यातही सरळ चालेल तर शपथ! चालते, थांबते. खांबासारखी उभी राहते, कान मागे करून. मग मान टाकून पुढे. शेवटी फाटकाशी येते, ती अंधार पडला तरी हलत नाही. गुरांचा डॉक्टर म्हणतो, काही झालेलं नाही. पण बरगड्या मोजून घ्या हो तिच्या!"

एलिसेओनं रामीरोला हाक मारली आणि म्हणाला, "रविवारी मला तेपातितलानला ने. आणि गूळ घे."

रविवारी त्याला कुंपणाशी खुर्ची टाकून दिली. कानेला दूर होती. तिनं त्याला पाहिलं की नाही, देव जाणे. वारा उलटा होता. ती आपल्या चकरेवर होती, आणि एलिसेओ कान देऊन टापा ऐकत होता. चालली, चालली, थांबली.

"कॅथीड्रल," तो पुटपुटला.

"काय म्हणता?" बाईंनी विचारलं.

"वाट बघतेय ती. मी बोलत नाही म्हणून. एवढे दिवस प्रत्येक ठिकाणी उभी राहून वाट बघतेय बिचारी."

त्याला भडभडून आलं. मग तो खुर्चीतून उठला, कुंपणाला धरून उभा राहिला, आणि भरलेल्या बग्गीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "हे दोन मनोरे बघा मंडळी! पहिले भूकंपात पडले, हे दुसरे!"

टापांचा आवाज नाही. ओबदुलियाबाईंनी पुढे सगळ्या गावाला सांगितलं, की घोडीचे कान असे उभे राहिले जसे काही कुणी तिला नाव घेऊन उठवलं.

"...आता हे पडले तर कवळीच!"

कानेला चालू लागली. मान टाकून नाही, ताठ. पुतळ्यांपाशी थांबली, त्यानं पुतळ्यांचं सांगितलं. नाट्यगृहापाशी थांबली, त्यानं नाट्यगृहाचं सांगितलं. एका झाडाखाली ती सगळ्यांत जास्त थांबली, तेव्हा रामीरोनं तोंड फिरवलं. "माझी आई इथं वाढली," म्हातारा रिकाम्या कुरणाला सांगत होता. "रोज सकाळी आंघोळ घालून वेणी घालायचे, एवढं ती सांगायची."

शेवटी टापा जवळ आल्या, फाटकाशी थांबल्या, आणि ऊन श्वास त्याच्या हातावर आला. आता एकच वाक्य राहिलं होतं. एलिसेओनं तिचं कपाळ कुरवाळलं, गुडघे चाचपले. सूज उतरली होती. बरगड्या मात्र बोटांना लागत होत्या.

"मामा, म्हणा ना," रामीरो म्हणाला. "गूळ द्या तिला."

"म्हटलं की संपलं रे."

"ती उभी आहे, मामा."

ती उभी होती. तो म्हणेपर्यंत उभीच राहणार होती, आज, उद्या, मरेपर्यंत. एलिसेओनं गुळाचा खडा काढला.

"आलं ठिकाण," तो म्हणाला. "उतरा देवाचं नाव घेऊन." 'परत या' हे शब्द त्यानं उच्चारले नाहीत.

कानेलानं गूळ खाल्ला, एक लांब फुरफुर केली आणि वळून कुरणात गेली. थोड्या वेळानं गवत तोडल्याचा आवाज येऊ लागला.

महिन्याभरानं ओबदुलियाबाईंचा पुन्हा फोन आला. आनंदात होत्या. "आली हो ताळ्यावर! खाते, लोळते, अंगानं भरलीय. चकरा एकदम बंद."

"एकदम?"

"एकदम! आता तर तुमच्यासारखं कुणी ओरडलं तरी मान वर करत नाही."

"बरं झालं," एलिसेओ म्हणाला. फोन ठेवून तो खुर्चीत बसला. नंतर तोंडातल्या तोंडात "चल गं राणी" म्हणाला आणि मनानंच बागेपासून निघाला. कॅथीड्रलपर्यंत गेला, पण तिथं थांबवायला कुणी नव्हतं, आणि त्याला पुढचं काही आठवेना.