कर्लिंगच्या सामन्याला सहकुटुंब

बाहेर गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देत होतं आणि आम्ही स्वेटर घालून पार्किंगमधून चाललो होतो. मी, बायको आणि नाशिकहून आमच्याकडे राहायला आलेली माझी आई. आईने शालीवर कानटोपीही चढवली होती. "आत बर्फ आहे म्हणालास ना? मग आत जाऊन पिशवीत टोपी कुठे शोधत बसू?" रखवालदार बघतच राहिला. मी त्याला सलाम ठोकला, जणू जून महिन्यात कुवेतमध्ये सगळे असेच फिरतात.

हे सगळं आमच्या लेकीपायी. अकरावीतल्या या मुलीने बॅडमिंटन सोडलं, पोहणं सोडलं आणि धरलं काय, तर कर्लिंग. मैत्रिणीबरोबर एकदा बघायला गेली आणि तिथलीच झाली. आता संघात एक जागा रिकामी होती. आज तिला खेळवून बघायचं आणि मग ठेवायचं की नाही हे कोच ठरवणार होते. आठवडाभर तिचं जेवणात लक्ष नव्हतं. फिंतासच्या आमच्या घरून निघताना तिने गाडीत एकच अट घातली.

"बाबा, प्लीज, नो शाउटिंग. क्रिकेटला करतोस तसं काही करू नकोस."

"मला खेळच कळत नाही, मी कशाला ओरडतोय?"

खरं तर आदल्या दिवशी व्हिडिओ बघून मी तज्ज्ञ झालो होतो. बाकावर टेकल्या टेकल्या आईला समजावू लागलो. वर किटलीसारखी मूठ असलेला जड दगड बर्फावरून सरकवायचा. पलीकडे वर्तुळं रंगवलेली असतात, त्यांच्या मध्याजवळ ज्याचा दगड थांबेल त्याला गुण. दोघे जण दगडापुढे बर्फ घासत पळतात, म्हणजे तो लांब जातो.

"आधीच लख्ख आहे की," आई म्हणाली. "अजून काय झाडतायत?"

तेवढ्यात ब्रश घेऊन वाकून पळणारी आमची लेक दिसली. "घरी पंखा पुसायला सांगितला की हिचा खांदा दुखतो," बायको म्हणाली, पण तिची नजर काही लेकीवरून हलेना.

सामना चुरशीचा चालला होता. समोरच्या संघाचा कप्तान पांढऱ्या दाढीचे एक कुवेती गृहस्थ होते. त्यांचा एक दगड वर्तुळांतून सरळ पार निघून गेला आणि मी कधी उभा राहिलो ते मलाच कळलं नाही. "गेलाऽऽ!" पाठोपाठ कडाकड टाळ्या. मराठी मंडळाच्या सामन्यात समोरच्याची विकेट पडली की मी हेच करतो आणि तिथे माझ्याबरोबर आणखी पन्नास जण करतात.

इथे मी एकटाच होतो. सगळ्या माना वळल्या. लेकीने मात्र वर बघितलंच नाही.

"बस खाली," बायको दातांतल्या दातांत म्हणाली. शेजारी बसलेल्या बाईंनी हळू आवाजात समजावलं, "या खेळात समोरच्याच्या चुकीला टाळी वाजवत नाहीत." आईने कानटोपी आणखी खाली ओढली.

शेवटच्या फेरीत गुण बरोबरीत होते. लेकीच्या संघाचा दगड छान निघाला होता. ती पुढे घासत पळत होती आणि मध्येच थांबली. हात वर केला, समोरच्या कप्तानांना काहीतरी म्हणाली. दगड बाजूला काढला गेला.

"काय झालं?"

"तिचा ब्रश दगडाला लागला म्हणे," शेजारच्या बाई म्हणाल्या. "लागला की दगड बाद. आणि ते खेळणाऱ्यानेच सांगायचं असतं."

"अगं पण कोणी बघितलं होतं?" मी कळवळून बायकोला विचारलं. लेकीचा संघ हरला, एका गुणाने.

मला वाटलं, आता गुपचूप गाडी गाठावी. पण इथली रीत अशी की सामना संपला की दोन्ही संघ एकत्र बसतात आणि जिंकणारे चहा पाजतात. घरच्यांनाही बोलावणं आलं. माझ्यापुढे करकचा, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचा, कागदी पेला कोणी ठेवावा? त्याच पांढऱ्या दाढीवाल्यांनी.

"आवाज चांगला आहे तुमचा," ते इंग्रजीत म्हणाले. "माझ्या दगडाने ऐकला असता तर थांबला असता." लेक एवढी हसली की तिला ठसका लागला. मी माफी मागितली. त्यांनी माझ्यापुढे खजूर सरकवले. आई कप्तानीणबाईंच्या थाटात शाल सावरून दुसरा चहा मागत होती.

कोच लेकीला बाजूला घेऊन बोलत होते. आम्ही तिघंही तिकडे न बघितल्यासारखं करत होतो. ती परत आली आणि माझ्या पुढ्यातला खजूर उचलला.

"फ्रायडेला प्रॅक्टिसला बोलावलंय."

"म्हणजे घेतलं?"

"घेतलं."

"आणि तो दगड?"

"त्यावर ते काहीच बोलले नाहीत," ती म्हणाली. मग खजुराची बी कागदात ठेवून, "बाबा, पुढच्या मॅचला येणारेस?"

"आलो तर चालेल?"

"ये. पण आजी मध्ये बसेल. माझ्या बाजूचा दगड असला तर ती तुला सांगेल, मग टाळी वाजव."

"मला काय कळतंय त्यातलं?" आई म्हणाली.

"तेवढं कळतं तुला, आजी."

बाहेर आलो तर ऊन तसंच होतं. आईची कानटोपी अजून डोक्यावर होती. काढ म्हणालो, तर म्हणाली, "राहू दे रे. आत्ता कुठे कान गरम होतायत."