तोडायचे धागे

माझ्या वडिलांनी आयुष्यभर एकच काम केलं. लिंबायतच्या कापड कारखान्यात मागावरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपला, की त्याच्या उरलेल्या टोकांना नव्या बीमचा एकेक धागा गाठ मारून जोडायचा. त्यांना ना माग चालवता येत होता, ना दुरुस्त करता. घरात खिळा ठोकायचा तर आई शेजाऱ्यांना हाक मारायची आणि आम्ही वडिलांना चिडवायचो. पण गाठीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्या गाठींवरच गोडादऱ्यातली खोली झाली, मी शिकले. आमच्या धुळ्याच्या मावशीला मिरवण्याजोगी साडी स्वस्तात मिळते, तीही एकाने विणायचं, दुसऱ्याने रंगवायचं, तिसऱ्याने टिकल्या लावायच्या म्हणूनच.

मी आता बारावीच्या वर्गाला अर्थशास्त्रात हेच शिकवते. ज्याला जे चांगलं जमतं ते त्याने करावं, बाकीचं दुसऱ्याकडून घ्यावं. त्यात माणसांचं भलं असतं आणि देशांचंही. खोटं नाही ते. आमचंच भलं झालंय, नाकारू कशी?

मग कारखान्यात गाठी मारायचं यंत्र आलं. परदेशात कुणीतरी तेवढं एकच यंत्र बनवण्यात तरबेज झालं होतं, तिथून. वडिलांचं दिवसभराचं काम ते चहा होईस्तोवर उरकायचं. शेठ वाईट नव्हता. “काका, अब आराम करो,” म्हणाला. भांडावं तर कुणाशी? मला नुसता राग यायचा आणि तो काढायला माणूस सापडायचा नाही.

आई घरी साड्यांचे धागे कापायचं काम करते. भरतकामाच्या मागे लोंबणारे धागे कात्रीने काढून टाकायचे. एका दुपारी वडीलही एक साडी घेऊन बसले. आम्हाला बरं वाटलं. थोड्या वेळाने आईने ती साडी उलटवली आणि कपाळाला हात लावला. कात्री बाजूला पडली होती, आणि लोंबते धागे वडिलांनी एकमेकांना बांधून टाकले होते. बारीक, नेटक्या गाठी.

“अहो, हाई काय करं? धागा तोडाना शे, बांधाना नही.”

वडिलांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. “मी काय करू? हातच करतस.”

साडी संध्याकाळी परत द्यायची होती. आई कात्री घेऊन एकेक गाठ कापायला लागली. वडील समोर बसून पाहत राहिले. मला तरी शिकवण्याशिवाय दुसरं काय येतं? आणि त्यांना शिकवावं असं माझ्यापाशी काहीच नव्हतं.