तीन चाव्या आणि पाटल्यांची एक जोडी

आमच्या बचत गटाचं इतिवृत्त मी लिहिते. अक्षर बरं आहे, एवढ्या एकाच गुणावर मला सचिव केलेलं आहे. दर महिन्याला मी तेच तीन ओळींत लिहिते : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले, हिशोब सांगितला, चहापानानंतर सभा संपली. आता हिशोब आणि चहापान यांच्या मध्ये जे घडतं, त्याला त्या वहीत रकानाच नाही. ते सगळं माझ्याकडे साठत जातं, माळ्यावरच्या बरण्यांसारखं. एक काढायला जावं तर मागून चार निघतात.

आमचं गाव बोर्ली पंचतनपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. गटात आम्ही दहाजणी. पण आज ज्या बरण्या काढतेय त्या सगळ्या एकट्या सुरेखाच्या. तिने सांगायला परवानगी दिलीय, एका अटीवर. "मी रडले ते न्हाय लिहायचं." तर, सुरेखा रडली नाही.

*

सुरेखाचा नवरा नंदू टेंपो चालवतो. सुपारी, नारळ, सीझनला आंबा, मिळेल ते भाडं. एका मीटिंगला सुरेखाने गटाकडे दहा हजार मागितले. आमच्या अध्यक्ष कमळताई. सुकी मासळी विकून तीन पोरं शिकवलेली बाई. त्या कुणाला तोंडावर नाही म्हणत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात.

"कशाला गं?"

"हप्ता भरायचाय."

"कसला?"

"मागचा हप्ता भरायला कर्ज घेतलं होतं ना, त्याचा."

कमळताई म्हणाल्या, "घरात जेवढे कागद हायत तेवढे घेऊन ये. आम्ही बसलोय."

सुरेखा घरी जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. टेंपोचं कर्ज, फ्रीजचं, मोबाईलचं आणि दर आठवड्याला हप्ता मागणारी दोन. मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. पाच झाली. "बस?" कमळताईंनी विचारलं. सुरेखा बराच वेळ डब्याच्या झाकणाशी खेळत बसली. मग सहावा कागद तिने कमरेच्या पिशवीतून काढला.

ती सोनं गहाण ठेवल्याची पावती होती. सोनं तिचं नव्हतं. सासूच्या, गोदाकाकींच्या, पाटल्या होत्या त्या. गोदाकाकींचं अलिबागला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा नर्सने हातातलं काढायला सांगितलं आणि काकींनी पाटल्या सुनेच्या हातात दिल्या. त्याच आठवड्यात टेंपो ओढून नेतो म्हणून फोन येत होते. सुरेखाने माणगावला जाऊन पाटल्या गहाण टाकल्या आणि बाजारातून तशाच दिसणाऱ्या खोट्या घेतल्या. दुकानदाराने सांगितलं होतं, "वहिनी, साबण-पाणी लागू देऊ नका, रंग टिकेल." डोळ्याची पट्टी सुटायच्या आधी तिने त्या काकींच्या हातात घातल्या. नंदूला सांगितलं, गटाने पैसे दिले.

रुकय्याभाभी, ज्यांचे मियाँ कुवेतला असतात, त्यांनी काळजीने विचारलं, "पण ऑपरेशन बरा झाला ना? म्हातारीला दिसता ना आता?"

"व्हय," सुरेखा म्हणाली. "चष्म्याशिवाय सुई ओवते."

*

खरं तर सासू खाष्ट असती तर सुरेखाला एवढी धास्ती वाटली नसती. गोदाकाकींच्या यजमानांनी गोदीत हमाली करून त्या पाटल्या केल्या होत्या. काका गेले, पाटल्या राहिल्या. हातात चढवल्यापासून ऑपरेशनपर्यंत काकींनी त्या एकदाही उतरवल्या नव्हत्या, बाळंतपणातसुद्धा.

"आये मला कधी एका शब्दाने बोलली न्हाय," सुरेखा म्हणाली होती. "म्हणून तर."

त्या दिवशी ठरलं ते असं. नवीन कर्ज एकही नाही. आधी सगळ्यात छोटं फेडायचं, मग त्याहून मोठं. पाटल्यांचं व्याज दर वर्षी न चुकता भरायचं म्हणजे त्या लिलावाला जाणार नाहीत. आणि गोदाकाकींना कळायच्या आत त्या घरी आणायच्या. होमस्टेवाल्यांकडून सुरेखाला मोदकांच्या आणि घावनांच्या ऑर्डर मिळवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. इतिवृत्तात मी लिहिलं, चहापानानंतर सभा संपली. प्रत्यक्षात त्या दिवशी चहा करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

*

आमच्या गटाचं बँकेत खातं आहे, पण अडीनडीची रोकड पेटीत असते. पेटीला तीन कुलपं. एक चावी कमळताईंकडे, एक भाभींकडे, एक माझ्याकडे. तिघी जमल्याशिवाय पेटी उघडत नाही.

फेडाफेडी सुरू होऊन चार महिने झाले आणि सुरेखाच्या चुलत नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. सुरेखाला आहेराला भारी साडी द्यायची होती, पेटीतून चार हजार हवे होते. "त्यांनी माझ्या रूपालीच्या बारशाला पैंजण दिले होते," ती म्हणाली. अशा हिशोबाला उत्तर नसतं. मी आणि भाभी चाव्या घेऊन बसलो, तर कमळताई मुरूडला माहेरी गेलेल्या. फोन लागेना. चार दिवस लागला नाही.

लग्न होऊन गेलं. सुरेखाने पाकिटात दोनशे एक रुपये घातले आणि परसातले बारा नारळ नेले. नणंदेने नारळ वाजवून पाहिले, खूश झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्याच चार नारळांचा रस काढून सगळ्यांना जेवायला घातलं. पैंजणाचं नावही कुणी काढलं नाही.

पाचव्या दिवशी कमळताई आल्या. मी जरा रागातच विचारलं, "ताई, चावी विसरून बरोबर नेलीत का?"

"विसरून कशाला?" ताई म्हणाल्या. "आठवणीने नेली."

*

मग आम्ही एक नियम केला. पाचशेच्या वरची कुठलीही खरेदी करायच्या आधी गटातल्या एकीला फोन करायचा आणि तिने "थांब" म्हटलं तर त्या दिवशी थांबायचं. नियम सुरेखासाठी होता, पण एकटीला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनाच लावला.

एक दिवस सुरेखा सुपारी सोलत बसली होती आणि फोन वाजला. रुकय्याभाभी.

"सुरेखा, मला नको म्हण."

"कुठं हायस भाभी?"

"बोर्लीत, दुकानात. लवकर म्हण, तो बिल करताय."

"पण घेतेस काय?"

"ते नको विचारू, बाय," भाभी कळवळून म्हणाल्या. "ऐकलंस तर तू हो म्हणशील."

*

दोन्ही साप्ताहिक कर्जांचे हप्ते घ्यायला दर बुधवारी मोटरसायकलवरून एक साहेब यायचे. साहेब म्हणजे पंचविशीतला, लांबच्या गावचा पोरगा, खोली घेऊन एकटा राहणारा. पहिले काही महिने सुरेखा त्याला बघून मागच्या दाराने जायची. हप्ता वेळेवर जायला लागल्यावर पुढच्या दाराने यायला लागली. मग एका बुधवारी तो उपाशी दिसला म्हणून गोदाकाकींनी त्याला घावन आणि नारळाची चटणी दिली. त्यानंतर तो आमच्या गावात हप्त्याची सुरुवात दुसऱ्या वाडीतून करायचा, म्हणजे सुरेखाच्या घरी नाश्त्याच्या वेळेला पोचता येईल.

दोन्ही कर्जांचा शेवटचा हप्ता एकाच बुधवारी गेला. सुरेखाने पावती घेतली, दोनदा वाचली. साहेब मात्र उठेना. उगाच हेल्मेटचा पट्टा ओढत बसला. मग म्हणाला, "वहिनी, तुमचं रेकॉर्ड एकदम चांगलंय. टॉप-अप करून देऊ का? पन्नास हजार लगेच मिळतील."

सुरेखा काही बोलायच्या आत चुलीपासून गोदाकाकींचा आवाज आला. "कर्ज नको रे बाबा. तू बुधवारी येत जा. घावन काय हप्त्यावर देते का मी?"

तो अजून येतो. येताना कधी केळी आणतो.

*

गणपती आमच्याकडे सगळ्यात मोठा खर्च. नंदूकडे पाच दिवसांचा. मुंबईची माणसं, भजन, रोज चाळीस पानं, मखर, लायटिंग. दर वर्षी गणपतीसाठी उसने घ्यायचे आणि शिमग्यापर्यंत फेडत बसायचं. सुरेखा म्हणाली, दीड दिवसाचा करू. नंदूचं डोकं फिरलं. गणपतीचे दिवस कमी करायचे म्हणजे काय खेळ आहे? शेवटी आईला विचारू म्हणाला. त्याला खात्री होती, आई ओरडेल.

गोदाकाकींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाप्पा पाव्हणा हाय रे, सावकार न्हाय. त्याला घरची परिस्थिती सांगितली तर चालते."

मग त्या स्वतः देवासमोर बसल्या, सुपारी ठेवली आणि मोठ्याने सांगितलं की यंदापासून दीड दिवस, लेकराला सांभाळून घे. नंदू दारात उभा राहून डोळे पुसत होता. त्याने अट घातलेली नाही, म्हणून त्याचं लिहिते.

त्या दीड दिवसात उकड काढायला मीही गेले होते. काकी उकड मळायला बसल्या आणि त्यांनी हातातल्या पाटल्या काढून फळीवर ठेवल्या. मी सुरेखाकडे पाहिलं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ऑपरेशन झाल्यापासून असंच करते. पाण्याने हात सुजतात म्हणते. भांडी घासताना, कपडे धुताना, काढून ठेवते. देवच पावला गं. न्हायतर एव्हाना रंग उडाला असता." तिच्या तोंडावर केवढा सुटकेचा भाव होता. म्हातारपणी हाताला काही ना काही व्हायचंच, असं म्हणून मी मोदक वळायला घेतले.

*

फ्रीज झाला, मोबाईल झाला, मग टेंपो. कर्ज फिटल्याचा दाखला मिळाला त्या दिवशी नंदूने टेंपो धुतला. टेंपोच्या मागे आधी 'बँकेच्या कृपेने' असं रंगवलेलं होतं, ते त्याने खोडून घेतलं. पेंटरने विचारलं, आता कुणाची कृपा लिहू? नंदूने थोडा विचार केला.

आता टेंपोवर भल्या मोठ्या लाल अक्षरांत 'सुरेखाची कृपा' असं लिहिलेलं आहे. सुरेखा आठवडाभर लाजून त्या टेंपोत बसली नाही.

माणगावच्या पंपावर एका ट्रकवाल्याने ते वाचून हात जोडले आणि विचारलं, "ही कुठली देवी? कधी ऐकली नाही."

"आमच्या गावातच हाय," नंदू म्हणाला. "लय जागृत."

*

राहिल्या पाटल्या. यंदाच्या थंडीत सुरेखाची सगळी बचत मोजली, तर सहा हजार कमी पडत होते. त्या दिवशी तिन्ही चाव्या मिनिटभरात हजर झाल्या. कमळताईंची तर आधीच कुलपात होती. पाटल्या सोडवायला माणगावला आम्ही चौघी 'सुरेखाच्या कृपे'तूनच गेलो. नंदूला तोवर सुरेखाने सगळं सांगितलं होतं. येताना तो अगदी हळू चालवत होता, जणू मागे काचेचं सामान आहे.

आता प्रश्न होता, पाटल्या बदलायच्या कशा. कमळताई म्हणाल्या, "त्यात काय, भांडी घासायला बसली की फळीवर असतातच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी कढीपत्ता मागायच्या निमित्ताने सुरेखाच्या मागील दारी गेलो. गोदाकाकी राख आणि काथ्या घेऊन भांड्यांसमोर बसलेल्या. सवयीप्रमाणे पाटल्या फळीवर. भाभींनी त्यांना विचारलं, माझ्या कढीपत्त्याला पानं का धरत नाहीत. काकींनी ताक घालायला सांगितलं, किती, कधी, कसं. तेवढ्यात सुरेखाने फळीवरच्या उचलल्या आणि खऱ्या ठेवल्या. घाईत एक पाटली फळीवर वाजली. काकींनी मान वर केली नाही.

भांडी झाली. शेवटचा टोप पालथा घालून काकी उठल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि फळीवरची एक पाटली घेऊन डाव्या हातात चढवली. थांबल्या. मनगट जरा वर-खाली केलं. मग दुसरी चढवली. सुरेखा खांबाला धरून उभी होती.

"चहा टाक गं सुरेखा," काकी म्हणाल्या, "बायका आल्यात."

सुरेखा आत गेली. आणि काकी पुन्हा खाली बसल्या. पालथा घातलेला तोच स्वच्छ टोप त्यांनी ओढून घेतला, मूठभर राख घेतली, पाणी ओतलं आणि पाटल्यांसकट दोन्ही हात आत घालून टोप घासायला लागल्या.

"काकी," कमळताई म्हणाल्या, "घासलेला हाय तो."

"असू दे गं," काकी म्हणाल्या. "आज न्हाय सुजायचे हात."