एकही कप्पा रिकामा नाही

काचघरात शिरताना चपला दाराबाहेर काढायच्या, जोडीनं, टाचा भिंतीला लावून. झारी भरली की पहिली धार स्वतःच्या मनगटावर, पाणी फार गार नाही ना ते बघायला. सदऱ्याच्या खिशात चमचा. चमचा चहाचाच, पण त्यानं कधी चहा ढवळला नाही. रोपांशी बोलत नसत. "ती काय माझी भाचरं आहेत?" म्हणत. सैल स्क्रू, वाकडं लेबल, लोंबतं बटण दिसलं की हात आपोआप जायचा. अर्धा पेला त्यांना बघवत नसे. एक तर भरायचे, नाहीतर पिऊन टाकायचे.

त्यांना सगळे माळीकाका म्हणत. ते संशोधक ताईच्या हाताखाली होते. ताई वयानं त्यांच्या मुलीएवढी.

ताईचा प्रश्न साधा होता. एक रानरोप डोंगरमाथ्यावर वाढतं, तसंच एक किनाऱ्यावर. दिसायला सख्खी भावंडं. हजारो वर्षांच्या दुराव्यानं ती एकमेकांना परकी झालीत का? दोघांचा संकर करायचा आणि नातवंडं बघायची. परकी झाली असतील, तर सोळांतलं एक नातवंड कोवळं असतानाच मरेल. नसतील, तर सगळी जगतील.

सहा वर्षं सगळी जगली. शहाण्णव कप्प्यांचा ट्रे, शहाण्णव रोपं. ताई पंधराव्या दिवशी वही घेऊन यायची आणि मोजून जायची. "काकांचा हात लागला की रोप मरायचं विसरतं," ती पाहुण्यांना सांगायची. काका लाजून झारी उचलायचे. पेपर छापून आला: ही दोन्ही अजून एकाच घरची. शेवटी आभार, त्यात पहिले काकांचे. काकांनी ते पान घरी नेलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

मग काकांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काका तीन आठवडे सुट्टीवर गेले. ट्रे ताईनं स्वतः पेरले. दहाव्या दिवशी एक रोप पिवळं पडलं. बाराव्या दिवशी सहा कप्पे रिकामे. पाणी जास्त झालं असेल, तिनं स्वतःलाच बोल लावला. दुसऱ्या ट्रेत पाच. तिसऱ्यात सात. तिनं वहीत भागाकार केला. शहाण्णवांत सहा म्हणजे सोळांत एक.

काका परतले त्या दिवशी ती सकाळी सातला आली. एरवी इतक्या लवकर कधी येत नसे. गळक्या नळाखालून काका एक छोटा ट्रे ओढत होते. त्यातलं एक टवटवीत रोप त्यांनी चमच्यानं अलगद उचललं, मोठ्या ट्रेतल्या रिकाम्या कप्प्यात बसवलं आणि अंगठ्यानं माती दाबली.

"काका, हे काय?"

"नांग्या भरतोय, ताई. तुमच्या हातानं बरीच गेलीत की!" काका हसले. "शिकाल हळूहळू."

"कधीपासून भरता?"

"पहिल्यापासून. नर्सरीत होतो तेव्हा मालक म्हणायचा, रिकामा कप्पा म्हणजे माळ्याचं तोंड काळं. बी त्याच पुडीतलं हां, भलतंसलतं नाही. थोडं जास्तीचं पेरून ठेवतो. या खेपेला जाताना नळ मुद्दाम सैल करून गेलो होतो, पाण्याची सोय म्हणून."

"सहा वर्षं, काका?"

"मेलेलं तुम्हाला काय दाखवायचं?"

ताई ओल्या फरशीवरच बसली.

"मी मेलेलीच मोजत होते."

काकांना आधी कळलं नाही. मग तिनं सांगितलं. पेपर मागे घ्यावा लागेल. सहा वर्षं पाण्यात गेली. पुढची नेमणूक त्या पेपरवर होती, तीही गेली. "डोळे झाकून विश्वास ठेवला मी तुमच्यावर. केसानं गळा कापलात."

काकांनी चमचा पुसला. दोनदा पुसला.

"ताई, फूल कसं उघडायचं ते तुम्ही शिकवलंत. पराग कसा लावायचा, दोरा कुठं बांधायचा, सगळं. मोजताय काय, ते एकदा तरी सांगितलंत? पाहुण्यांना म्हणायचात, काकांच्या हातचं रोप मरत नाही. मी तिथंच उभा असायचो. मग मरू कसं देऊ?"

ताई फरशीवरून उठली आणि वही उघडली. माफ मात्र तिनं केलं नाही.

नवे चार ट्रे पेरले. काकांचं काम एवढंच: रोप मेलं की त्या कप्प्यात एक काडी खोचायची, काडीवर तारीख लिहायची. नांग्या भरायच्या नाहीत. राखीव बी पेरायचं नाही. "बरं, मॅडम," काका म्हणाले. ताई म्हणणं त्या दिवसापासून बंद झालं.

बाराव्या दिवशी काका आले नाहीत. तेराव्याही. ताईनं फोन केला. मुलीनं उचलला.

"बाबा म्हणतात, आता जमायचं नाही."

"एवढंच म्हणाले?"

"एवढंच. आणि कपाटावरचं ते पान काढलं त्यांनी."

ताई काचघरात गेली. तीन ट्रे चोख होते. काड्या सरळ, तारखा काकांच्या गोल अक्षरात. चौथ्या ट्रेत सहा कप्पे रिकामे, पण काड्या चारच. बाकाखाली, फडक्याआड, एका पेल्यात काकांनी गुपचूप चार रोपं वाढवली होती. आता तीन होती. चौथं ट्रेशेजारी काकांच्या चमच्यात आडवं पडलं होतं, मुळाच्या मातीसकट वाळलेलं.

पाचव्या, काडी नसलेल्या रिकाम्या कप्प्यात बोटानं खळगा करून ठेवला होता.