न विचारता निघणारा गाडीवान

निजामाच्या राजवटीत केदारखेड्याला आमची पाच-सात घरांची भाजीची सामायिक वाडी होती. तिच्या भाड्याच्या गाडीवानाचं नाव कुणी विचारलंच नाही. वांगी भरली की तो दर घरापुढं गाडी थांबवायचा, मुंडासं सारखं करायचा, "निघू का, मालक?" म्हणायचा आणि ताक पिऊन पुढच्या दारी जायचा. भोकरदनला पोचेस्तोवर बाजार उठलेला, वांगी मलूल.

शेवटी आम्ही बैठक घेऊन त्याला बजावलं, "आता कुणाला इचारायचं न्हाई. जल्दी निघायचं."

"बिलकुल बराबर," तो म्हणाला.

पुढच्या बाजाराला पहाटे माझ्या दारात घुंगरं वाजली. मुंडासं सारखं करत तो म्हणाला, "मालक, तुमाला न इचारता निघून राह्यलो. चालंल न्हवं?"

आम्हाला मालक म्हणणारा गावात तो एकटाच होता. "चालंल," म्हणत मी ताक आणायला आत गेलो.